कुंपणाकडची ओळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, जिच्यापाशी सगळं ओकते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते विचारू नका. मलाच नीट कळलेलं नाही.

कॉलेजात असताना आमचं शिबिर गोंडपिपरीकडच्या एका गावात होतं. तिथल्या शाळेला परसबाग करून द्यायची, आवारात झाडं लावायची. काय तो उत्साह, बापरे! डोक्यावर टोप्या, फोटोपुरती हातात फावडी. प्रत्येकाला एकेक ओळ दिली होती. माझी कुंपणाकडची, हापशीपासून सगळ्यात लांब.

रोप लावताना त्याची काळी प्लास्टिकची पिशवी फाडून काढायची, हे सरांनी बजावून सांगितलं होतं. म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. पण पहिल्याच रोपाची पिशवी फाडली आणि मातीचा गोळा हातातच फुटला, मुळं उघडी पडली. पोरं खिदळली. "लावून राह्यली का मारून राह्यली वं?" एकानं विचारलं. मला कुणी हसलेलं खपत नाही, आजही नाही. कानशिलं तापली. मग पुढची रोपं मी — कसं सांगू? — पिशवीसकट खड्ड्यात बसवली. वर माती लोटली, पायानं दाबली. ओळ इतकी नीटनेटकी दिसली की सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. तेही मी घेतलं.

पावसाळाभर झाडं तगली. मग उन्हाळा — आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा! शाळेला सुट्टी, आणि पाणी द्यायचं काम कौसाबाईंकडे. त्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. सुट्टीत रोज हापशीवरून बादल्या वाहायच्या.

शाळा उघडल्यावर आम्ही झाडं पाहायला गेलो. बाकीच्या ओळी हिरव्या, माझी सगळी वाळलेली. गावातली माणसं जमली होती आणि त्यांनी निकाल देऊनही टाकला होता — बाईनं हापशीजवळच्या झाडांना पाणी दिलं, लांब जायचा कंटाळा केला. मी हळूच कडेला गेले, एक वाळकं रोप उपटलं. पिशवी जशीच्या तशी. आत मुळं गोल गोल फिरून गुंतलेली.  आणि मी काय केलं? ते रोप परत खड्ड्यात खुपसलं.

"मी पाणी देल्लं, भाऊ," कौसाबाई एकेकाला सांगत होत्या. कोण ऐकतंय! शेवटी त्या माझ्याकडे वळल्या. "पोरी, तूनंच लावली ना ही झाडं? तू सांग. रोपंच खराब होती का?"

"रोपं तं चांगलीच होती, बाई," मी म्हणाले.

शब्दन् शब्द खरा. त्याचीच जास्त लाज वाटते. खिचडीचं काम त्यांच्याकडून गेलं, दुसऱ्या बाईला मिळालं. मला महिन्याभरात कळलं होतं. सरांचा नंबर होता माझ्याकडे. एक फोन करायला काय लागत होतं? पण नाही केला. पुढे परीक्षा आल्या, नोकरी लागली, लग्न झालं, आणि मी विसरल्यासारखं करत राहिले.

आता मी सिंदेवाहीला शिक्षिका आहे. मागच्या वर्षी गडचिरोलीच्या बसमध्ये शेजारी येऊन बसल्या त्या कौसाबाईच. खूप थकल्या होत्या. आता दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं धानाच्या रोवण्याला जातात म्हणाल्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझी लेकरं विचारली. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुले एक सांगू का, माय? त्या उन्हाळ्यात मले ताप होता. दोन-तीन दिवस कुंपणापर्यंत जाणंच नाई झालं. कोणाले सांगतलं नाई मी. त्याच्यानंच मेली असतीन तुही झाडं."

बस अर्धी रिकामी होती. ऐकायला कुणी नव्हतं. सांगायला काहीच आड येत नव्हतं — काहीच.

मी त्यांचा हात हातात घेतला. म्हणाले, "जाऊ द्या बाई, होते असं."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. त्यांना हलकं वाटलं, हे मला दिसलं. मी त्यांना माफ केलं होतं. मी.