बाबांचा पाय आणि काजूचं तेल

संशोधन म्हटलं की मला अजून एस.टी.ची मागच्या चाकावरची सीट आठवते आणि कंबर दुखायला लागते. लोक विचारतात, काय शोध लावलात बाई? मी म्हणते, देवबागहून मालवण, मालवणहून कुडाळ, कुडाळहून पॅसेंजर, तिथून परत बस धरून गोव्याच्या विद्यापीठात पोचेपर्यंत चहा बरा कुठे मिळतो, त्याचा शोध लावला. लोक हसतात. मला काही हसू येत नाही.

मी तालुक्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती आणि त्या रेल्वेच्या जिवावरच मी पीएच.डी.चं लोढणं गळ्यात बांधून घेतलं. रेल्वे नसती तर विद्यापीठ आमच्यापासून दुसऱ्या देशाइतकं लांब होतं, आणि मी सुखात राहिले असते. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि प्रत्येक सुट्टी तिथे जायची. इतर दिवशी कॉलेज, पेपर, प्रॅक्टिकलं, आणि घरी आल्यावर आईचं एकच पालुपद, की एवढं शिकून अजून कसलं शिकतंस.

विषय मात्र माझ्या घरातलाच होता. बाबा मासेमारी करायचे. आमची होडी पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली ठेवायची आणि नारळी पुनवेच्या आधी ती खरवडून तिला तेल पाजायचं, हा घरातला दरवर्षीचा नेम. त्यात काजूच्या टरफलाचं तेल असायचं. काजूचा हंगाम संपला की बाबा टरफलं गोळा करून आणायचे, बुडाला भोक असलेल्या जुन्या मडक्यात भरायचे, वरून जाळ करायचे, आणि खालच्या भांड्यात काळं, दाट तेल थेंबथेंब उतरायचं. ते अंगावर उडालं की कातडी भाजून निघते. काजू फोडणाऱ्या बायकांचे हात बघा, बोटं काळी पडलेली आणि सोललेली असतात. पण लाकडाला ते अमृत. खाऱ्या पाण्याचा खारवा लागत नाही, पाणी मुरत नाही.

मला वाटलं, लाकडाला चालतं तर लोखंडाला का चालू नये? आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यात खिळा टिकत नाही, बिजागरी टिकत नाही. बाजारातले गंजरोधक रंग महाग, आणि त्यातले बरेच विषारी. हे तेल तर टाकाऊ टरफलांतलं. ते तापवून, त्यात आणखी एकदोन गोष्टी मिसळून, लोखंडावर पातळ सायीसारखं सुकवायचं, एवढीच माझी कल्पना. गंज म्हणजे काय, तर लोखंड पाण्यात विरघळत असतं आणि त्या वेळी अगदी बारीक वीज वाहत असते. ती वीज मोजणारं यंत्र विद्यापीठात होतं. तेल लावलेली लोखंडाची पट्टी खाऱ्या पाण्यात बुडवायची, तारा जोडायच्या, आणि वीज जितकी कमी वाहील तितकं आपलं तेल चांगलं. ऐकायला सोपं आहे. तारा जोडून चारपाच तास बसलं की नेमकी लाइट जायची आणि पहिल्यापासून सगळं परत. माझे मार्गदर्शक सर शांत माणूस. ते म्हणायचे, संशोधकाला चिकाटी पाहिजे. त्यांच्या घरून विद्यापीठ चालत जाण्याच्या अंतरावर होतं, त्यांना चिकाटी परवडत होती.

यंत्रातला आकडा एक आणि समुद्र दुसरा, म्हणून सरांनी सांगितलं, पट्ट्या खऱ्या पाण्यातही टांगून बघा. ते काम बाबांनी अंगावर घेतलं. खाडीच्या बाजूला त्यांनी दोन खुंट रोवले, काथ्याच्या दोरीला पट्ट्या बांधल्या, एका ओळीत कोऱ्या, एका ओळीत तेल लावलेल्या. जाळ्याला मारतात तशी गाठ त्यांनी मारली, ती वादळातही सुटली नाही. भरती-ओहोटीला जाऊन बघायचे. माझ्या उभ्या जन्मात मी केलेली एकच गोष्ट त्यांना कळली होती, ती ही.

पावसाळ्यानंतर पट्ट्या वर काढल्या तेव्हा कोऱ्या पट्ट्या हातात घेताच पापडासारख्या मोडत होत्या. तेलाच्या पट्ट्यांवर शिंपल्या बसल्या होत्या, पण त्या खरवडल्यावर आतलं लोखंड जसंच्या तसं. बाबांनी त्यातल्या दोन पट्ट्या, एक कोरी आणि एक तेलाची, खिशात घातल्या आणि रापणीवर, जाळं ओढायला जमलेल्या सगळ्यांना दाखवत हिंडले. माझ्या चेडवान, म्हणजे लेकीने, सिद्ध करून दाखयला, असं सांगायचे. मी लाजले, पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी सगळ्या एस.टी.च्या खेपा वसूल झाल्यासारखं वाटलं.

बाबांना साखरेचा आजार होता. गोळ्या घ्यायचे, पण मनाला येईल तेव्हा. त्यांच्या पायांतली जाणीव हळूहळू गेली होती. एकदा वाळूत चप्पल राहिली आणि घरी आल्यावर आईने विचारलं तेव्हा त्यांना कळलं की एक पाय अनवाणी आहे. आम्ही सगळे हसलो होतो. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, रोज पाय बघा, भेग पडली, फोड आला, तर लगेच या, या आजारात पाय जायला वेळ लागत नाही. मी आईला सांगितलं. आईने मान डोलावली. बाबांना सांगितलं तर पालथ्या घड्यावर पाणी. ज्या पायांनी आयुष्यभर होडी ढकलली ते पाय कुणी रोज बघायचे, हे त्यांना हास्यास्पद वाटत होतं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मला यंत्र सलग वापरायला मिळणार होतं. मी पट्ट्या, तेलाच्या बाटल्या आणि समुद्राच्या पाण्याचा कॅन घेऊन गेले. कंडक्टरने त्या कॅनवरून हुज्जत घातली ती वेगळीच. सुट्टीभर मी त्या खोलीत बसले. आकडे इतके चांगले येत होते की सरसुद्धा दोनदा येऊन उभे राहिले. एस.टी.डी. बूथवरून घरी फोन केला तर आई म्हणाली, सगळा बरा आसा, बाबांच्या टाचेक जरा भेग पडलीहा, ते काय तां लायतत. काय लावतात ते मी विचारलं नाही, मागे रांग लागली होती.

घरी आले तेव्हा बाबा पडवीत पाय लांब करून बसले होते. वास आधी आला. टाच काळी पडली होती, कडेने कातडी सोलून लाल मांस दिसत होतं, आणि ते त्यावर कोंबड्याच्या पिसाने होडीच्या मडक्यातलं तेल लावत होते. कच्चं तेल. ज्याचा थेंब माझ्या मनगटावर पडला होता तेव्हा मी ओरडत नळाकडे धावले होते, ते तेल.

माझा तोल गेला. मी त्यांच्या हातातलं पीस हिसकावून अंगणात फेकलं आणि जन्मात बोलले नव्हते ते बोलले. ते माझ्याकडे नवलाने बघत राहिले.

“काय दुखणा नाय माका,” ते म्हणाले. “बरा वाटता.”

मी म्हटलं, दुखत नाही हाच तर आजार आहे. तेव्हा त्यांनी खिशातून पट्टी काढली. तेलाची. ती अजून त्यांच्या खिशात होती.

“लोखंड खाऱ्या पाण्यात कुजणा नाय, मग माझो पाय कसो कुजतलो? तूच दाखयलंस मा?”

लोखंड मेलेलं असतं बाबा, त्याला जळण्याची भीती नसते, पाय जिवंत असतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. टाचेच्या भेगांना कोकणात लोक हे तेल लावतातच, पिढ्यान् पिढ्या लावत आले. ज्याला चटका कळतो तो थोडं लावून थांबतो. बाबांना चटका कळत नव्हता, आणि वरून माझ्या पट्टीचा आधार होता. म्हणून ते थांबले नाहीत. ते नियमाने, सकाळ-संध्याकाळ, होडीला पाजावं तसं पायाला तेल पाजत राहिले.

आधी जिल्ह्याच्या गावी नेलं, तिथून गोव्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथला तरुण डॉक्टर जखम बघून म्हणाला, हे भाजलंय कशाने? मी सांगितलं. तेलात काय असतं, ते कातडीला काय करतं, सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग विचारलं, तुम्हाला इतकं कसं माहीत? मी म्हटलं, मी त्याच्यावरच काम करते. त्याने पुढे काही विचारलं नाही, आणि त्या भल्या माणसाचे मी अजून उपकार मानते.

पाय वाचवायचा होता. बाकी सगळं, पीएच.डी., कॉलेज, पट्ट्या, चुलीत गेलं तरी चालणार होतं. होडीवर उभं राहायला दोन पाय लागतात आणि बाबांना होडीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. रोज ड्रेसिंग, रोज इंजेक्शनं. विद्यापीठ तिथून जवळच, तेव्हा मी सरांना भेटायला गेले. शेजारच्या प्रयोगशाळेत एक मुलगी कोळंबीच्या सालींपासून जखमेवर लावायची पट्टी बनवत होती. आयुष्यभर आम्ही त्या साली माडाच्या मुळात टाकल्या. मी तिच्याकडे गेले आणि अक्षरशः हात जोडले. ती बिचारी कावरीबावरी झाली. म्हणाली, मॅडम, अजून उंदरांवरच चालू आहे, माणसावर यायला वर्षं लागतील. उंदरांच्या जखमा चांगल्या भरत होत्या म्हणे. मी तिला शाबासकी दिली आणि बाहेरच्या पायरीवर येऊन बसले. शास्त्र आपल्या गतीने चालतं, हे मी मुलांना वर्गात सांगत आले होते. त्या दिवशी त्या वाक्याची चीड आली.

आधी बोटं काढली. मग डॉक्टरांनी गुडघ्याखाली हात आडवा ठेवून दाखवला. सहीसाठी कागद आला तेव्हा बाबांनी मला विचारलं नाही, आईला विचारलं नाही, अंगठा उठवून मोकळे झाले.

घरी आल्यावर ते पडवीत बसून होडीकडे बघायचे. होडी झापांखालीच राहिली, पुनव आली आणि गेली, तिला तेल लागलं नाही. तेल काढायचं मडकं आईने कुठे नेलं मी विचारलं नाही. मी प्रबंध लिहिला. का लिहिला, म्हणाल तर अर्धवट सोडायलाही अंगात त्राण लागतं, ते नव्हतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, याचा सामान्य माणसाला काय उपयोग? सरांनी माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईने स्वतःच उत्तर दिलं. मी डॉक्टर झाले. गावात लोक काही दिवस मला ताप-खोकल्याचं औषध विचारायचे, तीही गंमत फार टिकली नाही.

पुढे एका शिबिरात बाबांना कृत्रिम पाय मिळाला. वर प्लास्टिक, खाली रबराचं पाऊल, आणि दोन्ही जोडायला मधे लोखंडी बोल्ट. देणाऱ्यांनी बजावलं, पाण्यात नेऊ नका. देवबागात, जिथे एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, तिथे हे सांगणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखं. ते पहिल्याच आठवड्यात काठी टेकत लाटेपर्यंत गेले. आईने कपाळाला हात लावला. मला बरं वाटलं, पण मी तसं म्हटलं नाही.

पाऊस संपता संपता तो पाय करकरायला लागला. एका रविवारी मी पडवीत पेपर तपासत बसले होते. बाबांनी पट्टे सोडले, पाय काढला आणि माझ्या मांडीवर, पेपरांवरच ठेवला. बोल्ट लालभडक गंजला होता. गंजाची भुकटी एका पोराच्या उत्तरावर सांडली.

“ह्यो तरी लोखंडाचो आसा,” ते म्हणाले. “ह्येका चलतला मा तुझा तेल?”

इतक्या वर्षांत त्या तेलाचं नाव आमच्या घरात कुणी काढलं नव्हतं. त्यांच्या आवाजात टोमणा शोधला, सापडला नाही. ते खरंच विचारत होते, मी शिकलेली म्हणून. मी उठले, कपाटावरून जुनी बाटली काढली, हातमोजे घातले, पॉलिश पेपर घेतला. पट्ट्या घासायचे तसा बोल्ट घासायला बसले. आधी आडवं, मग उभं, उजळ लोखंड दिसेपर्यंत. मग पातळ हाताने तेल फिरवलं. तो पाय दोन्ही हातांत धरलेला, आणि मला एकदम रडू फुटलं. इस्पितळात आलं नव्हतं, कागदावर अंगठा उठला तेव्हा आलं नव्हतं, ते सगळं तेव्हा आलं. हातमोज्याला तेल होतं म्हणून डोळेही पुसता येईनात.

बाबा पुढे वाकले आणि आपल्या पंच्याने माझं तोंड पुसलं.

“रडतंस कित्याक गो,” ते म्हणाले, “माका दुखणा नाय.”