चादरीचं दुसरं टोक

दवाखान्यात मला कुणी नावानं हाक मारत नाही. सगळ्यांची मी मावशी. बायकांच्या वॉर्डात पेशंटला उठवायचं, बसवायचं, ट्रॉलीवर घ्यायचं, हे माझं काम. खरं तर ते दोघींचं. पण दुसरी मावशी कायम शेजारच्या वॉर्डात पळवलेली. अशीच एकदा एकटीनं पेशंट ओढताना कंबरेत सणकन कळ आली, आणि मी खाटेचा गज धरून वाकडी उभी राहिले.

डॉक्टरांनी तपासलं. "हाड ठीक आहे, स्नायू धरलाय. पडून राहू नको, हिंडती-फिरती राहा," म्हणाले. ऐकतंय कोण! घरी नवऱ्यानं गादी काढून फळी टाकलेली. सासूबाई म्हणाल्या, "हलायचं न्हाय." बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? पण पडून पडून कंबर पार लाकूड झाली. त्यात ठेकेदाराच्या सुपरवायझरचा फोन. "एक तारखेला आला न्हाईसा तर घरीच बसा. उचलणारी माणसं लई हायत." मला रडू फुटलं. हे काम मला हवं होतं.

तेवढ्यात गल्लीतल्या काकी बघायला आल्या. त्यांच्या पोटाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी मी त्यांना दटावून चालवलेलं. "व्हय गं," त्या म्हणाल्या, "टाके ओले असताना मला काय म्हणालतीस? झोपायचं न्हाय, पाय टाका! आणि स्वतः? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! उठ!"

असा राग आला! रागारागानंच उठले. आधी भिंत धरून दारापर्यंत, मग बोळाच्या टोकापर्यंत, होता होता काकींच्या मागं रंकाळा तलावापर्यंत. शेजारणी हसायच्या, "दिवसभर दवाखान्यात चालतीस की, हे काय नवीन खूळ?" हसा म्हटलं. ते चालणं दवाखान्याचं, हे माझं.

एक तारखेला हजर झाले. शिरोळची एक भक्कम बाई ऑपरेशनला न्यायची होती. सुपरवायझर म्हणाला, "घ्या मावशी, ट्रॉलीवर."

"दुसरं माणूस?"

"पहिल्यांदा उचलताय व्हय? उचला, न्हाईतर उद्यापासनं येऊ नका."

मी ट्रॉली खाटेला लावली. पेशंटखालच्या चादरीचं एक टोक धरलं आणि सांगितलं, "माझी कंबर काय ठेकेदारानं विकत घेतलेली न्हाय. दुसरं टोक कुणी धरल्याबिगर ही चादर हलणार न्हाय."

खाटेवरची बाईच खेकसली, "आवं पावणं, बघत काय उभं राहिलाय? धरा की!"

धरलं त्यानं, दात-ओठ खात. जाताना म्हणाला, "उद्या बघतो तुमास्नी."

दुसऱ्या दिवशी मी गेलेच. सुपरवायझर साहेब खुर्चीत वाकडे बसलेले, एक हात कमरेवर. मला बघून हळूच म्हणाले, "मावशी, आठ दिवस पडून राहावं म्हणतोय."

"झोपायचं न्हाय साहेब. पाय टाका. आणि तसंच शेजारच्या वॉर्डात जाऊन आमची दुसरी मावशी घेऊन या."

साहेब भिंत धरत गेले, आणि घेऊन आले.