जिप्समची भिंत आणि आतोबांचा मंत्र

मनःशांतीसाठी आमच्या आतोबांइतका गोंगाट या पृथ्वीतलावर दुसऱ्या कुणी केला असेल, तर तो मला पुराव्यानिशी दाखवून द्यावा. मी आजवर लिहिलेली सगळी पत्रकं जाहीरपणे मागे घ्यायला तयार आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. 'यजमान' हा शब्द मला तत्त्वतः मान्य नाही. पण आत्यासमोर 'तुझा नवरा' म्हटलं की तिचा पोळी वाढणारा हात थांबतो, आणि तशी पोळी दुबईच्या अख्ख्या करामा भागात दुसरीकडे मिळत नाही. तेव्हा यजमान. सांगलीत असताना मी बुवाबाजीविरोधी चळवळीत होते. 'मंत्राने विंचू उतरत नाही, मंत्राने मूल होत नाही, मंत्राने फक्त मांत्रिकाचा बंगला होतो!' हे माझं स्वतःचं वाक्य, लाल अक्षरात, मी भर चौकात वाटलेलं आहे. आणि नोकरीसाठी दुबईला आले ती थेट एका मंत्रवाल्याच्या हॉलमध्ये! हॉलच्या मधोमध जिप्सम बोर्डाची भिंत घालून आतोबांनी मला खोली करून दिली होती. भिंतीच्या अलीकडे माझी कॉट, पलीकडे त्यांचं आसन. इथल्याच देरा भागातल्या एका छपाईच्या दुकानात मी डिझाइनचं काम करते. समाज बदलायला निघालेला हात दिवसभर सुपरमार्केटच्या कोंबडीची ऑफर जुळवत असतो, हा अन्याय आणखी वेगळा.

आतोबांची नोकरी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, एसीचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपात. तिथलं स्टोअर ते सांभाळत. उभं आयुष्य पत्रा बडवण्याच्या आवाजात गेल्यामुळे त्यांना शांततेची भयंकर ओढ होती, आणि त्याच कारणामुळे त्यांना कमी ऐकू यायचं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते माझ्या कॉटला विचारा. तरुणपणी आखातात निघताना त्यांच्या गुरूंनी त्यांच्या उजव्या कानात एक मंत्र सांगितला होता. अट अशी, की तो कुणाला सांगायचा नाही, कुठे लिहायचा नाही, आणि रोज त्याचा जप करायचा. जपाच्या तीन पायऱ्या असतात, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात आमटी ओरपता ओरपता समजावलं. "हे बघ. वैखरी, म्हणजे मोठ्यानं म्हणायचं. ती लेबर ग्रेड. उपांशु, म्हणजे नुसते ओठ हलवायचे, शेजारच्यालाही ऐकू जाता कामा नये. तो सुपरवायझर. आणि मानस, म्हणजे ओठसुद्धा नाहीत, सगळं आतल्या आत. ते मॅनेजमेंट."

"मग तुम्ही कुठल्या ग्रेडवर?" मी विचारलं.

"उपांशुवर अडकलोय गं. प्रमोशन मला कंपनीतही कधी वेळेवर मिळालं नाही."

ते स्वतःला उपांशुवर समजत. त्यांच्या कानांना जे ओठातल्या ओठात वाटायचं, ते माझ्या कॉटवर खणखणीत वैखरीत पोचायचं. आत्याची हुशारी अशी, की ते आसनावर बसले की ती स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावायची. "त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे. मला कशाला ऐकू यायला हवं?" एवढंच ती म्हणायची. गुरूची आज्ञा बायकोकडून मोडू नये म्हणून माझी आत्या इतकी वर्षं रोज सकाळी चटणी वाटत आलेली आहे. इडली असो वा नसो, चटणी आहेच. भाताबरोबर चटणी, पोळीबरोबर चटणी, ऑफिसच्या डब्यात चटणी. एका पुरुषाच्या मोक्षासाठी एका बाईनं किती नारळ फोडावेत, यावर मी एक पत्रक मनातल्या मनात लिहूनही ठेवलं होतं. पण पत्रकं वाटण्याची चैन या देशात नाही.

आता त्यांचे बाकीचे पराक्रम ऐका. एसी चोवीसवर ठेवला की त्याचा कॉम्प्रेसर तानपुऱ्यासारखा षड्ज धरतो आणि तेवीसवर तो बेसूर होतो, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून रिमोट त्यांच्या उशीखाली. ऑगस्टमध्ये बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालेलं असताना आम्ही सगळे षड्जात घामाघूम होऊन बसायचो. शारजा-दुबई ट्रॅफिकमध्ये सगळं जग स्टिअरिंगवर डोकं आपटून घेतं, आतोबा मात्र तिथे डोळे अर्धे मिटून जप करायचे. "हिमालयात तरी दुसरं काय असतं? सगळं थांबलेलं असतं. इथेही थांबलेलंच आहे." एकदा सिग्नल हिरवा होऊन गेला तरी यांची गाडी हलेना. मागचा माणूस उतरून आला आणि काचेवर थापा मारत ओरडला, "यल्ला, हबीबी, यल्ला!" आतोबांनी एक डोळा उघडला, अत्यंत प्रेमानं "इन्शाल्ला" म्हणाले आणि डोळा पुन्हा मिटला. मी शेजारच्या सीटवर होते. मला त्या दिवशी आमच्या चळवळीची सगळ्यात जास्त आठवण झाली.

जपमाळ कुणाला दिसू नये म्हणून ती एका कापडी पिशवीत ठेवून पिशवीतच हात घालून ओढायची असते. तिला गोमुखी म्हणतात. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये फ्लोरीआंटी राहते, वसईची, एका हॉटेलात हाउसकीपिंग सांभाळते. तिनं एकदा लिफ्टमध्ये आतोबांचा तो पिशवीतला हात पाहिला. "अगं बाई! भाऊ, हात मोडला?" माळ अर्ध्यावर असताना बोलायचं नाही, म्हणून आतोबांनी नुसती मान हलवली. मान नक्की कशी हलवली ते देवच जाणे, पण संध्याकाळी फ्लोरीआंटी पायाचं सूप घेऊन दारात हजर. आतोबा शाकाहारी. सूप मी प्यायले. मंत्रानं मला प्रत्यक्ष झालेला हा पहिला फायदा.

एकदा मी त्यांना सरळच विचारलं, अगदी जाहीर सभेत विचारतात तसं, "आतोबा, यातून शेवटी मिळतं काय? पगार वाढला? गुडघा दुखायचा थांबला? मग कशासाठी?" ते चिडले नाहीत. "मन म्हणजे आमच्या यार्डातला फोर्कलिफ्ट आहे बघ. ड्रायव्हर नाही आणि इंजिन चालू. सारखा कुठेतरी जाऊन आपटतो. मंत्र म्हणजे त्याला ड्रायव्हर द्यायचा. एकच मार्ग, पुन्हा पुन्हा. असं करता करता एक दिवस इंजिनच बंद पडतं. मग मंत्रही खलास. जे उरतं ना, त्याच्यासाठी."

"ते उरलेलं पाहिलंत कधी?"

"एकदा. पार्किंगमध्ये. पण तेवढ्यात वॉचमन आला."

या वर्षी आतोबांची नोकरी संपली. व्हिसा रद्द करून नाशिकला जायचं ठरलं. इथून कायमचं जाणाऱ्या माणसाला आधी एकेका गोष्टीतून स्वतःला कॅन्सल करून घ्यावं लागतं. वीज कॅन्सल, फोन कॅन्सल, इंटरनेट कॅन्सल. त्या इंटरनेटच्या कंपनीनं आतोबांना फोनवर होल्डवर ठेवलं. होल्डचं संगीत वाजतंय, मधूनमधून एक बाई सांगतेय, 'युवर कॉल इज इम्पॉर्टंट टू अस.' आतोबा म्हणाले, वेळ फुकट कशाला घालवा, आणि फोन कानाला लावून त्यांनी जप सुरू केला. सकाळ गेली, दुपार आली, शेवटी इंटरनेट कॅन्सल झालं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आसनावर बसले, तर मंत्र नाही! माळ हातात आहे, दिवा लावलाय, डोळे मिटलेत, आणि आतून येतंय काय, तर 'युवर कॉल इज इम्पॉर्टंट टू अस.'

मी आधी हसले. भिंतीपलीकडे होते म्हणून चालून गेलं. मग दोन दिवस गेले, चार दिवस गेले, आणि हसू थांबलं. कारण विचारायचं कुणाला? गुरू केव्हाच वारलेले. लिहिलेलं कुठेच नाही. बायकोला सांगितलेलं नाही, आणि तिनं मिक्सर लावून लावून ऐकलेलंही नाही. सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. फ्लोरीआंटी आपली रोझरी घेऊन आली. "भाऊ, तोवर ही वापरा. आमच्यात बघा, प्रार्थना सगळ्यांची एकच. विसरली तर शेजारणीला विचारायची. तुमच्यात एवढं लॉकरमध्ये कशाला ठेवतात?" तिची शाळकरी पोरगी मोबाइलवरून डोळेही न काढता म्हणाली, "अंकल, जस्ट क्लिक 'फरगॉट पासवर्ड' ना!" भजनमंडळातल्या एका गृहस्थांनी तर फोनवर अभिनंदनच केलं, की मंत्र गळून पडला म्हणजे साहेब, तुम्ही पोचलात!

"पोचलो असतो तर बीपी वाढलं असतं का?" फोन ठेवून आतोबा म्हणाले. त्यांचं जेवण कमी झालं. ते रिकाम्या गोमुखीत हात घालून बसू लागले. आत्यानं मिक्सर लावणं बंद केलं, कारण झाकायला काही उरलंच नव्हतं. घरात ती शांतता आली, जिच्यासाठी त्यांनी जन्मभर खटपट केली होती, आणि ती कुणालाच सहन होईना. एकदा खोके बांधता बांधता ते आत्याला म्हणाले, "सोफा राहिला, गाडी गेली, ओळखीही इथेच राहणार. म्हटलं, हे एवढं तरी बरोबर येईल. त्याला कार्गो लागत नाही."

हे मी ऐकलं. जिप्समच्या भिंतीतून सगळंच ऐकू येतं. आणि हाच तर मुद्दा होता! संपूर्ण पृथ्वीवर तो मंत्र आता फक्त एका माणसाला पाठ होता, आणि ती चौकात लाल पत्रकं वाटलेली मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलीकडे गेले. "आतोबा, मला माहीत आहे."

"काय?"

"तुमचा मंत्र. भिंत जिप्समची आहे, आणि तुमचं उपांशु हे उपांशु नाही."

ते माझ्याकडे बघतच राहिले. राग, लाज, आशा, सगळं एकदम. मग घाईघाईनं हात वर करून म्हणाले, "बोलू नकोस! असं नाही. कानात सांगायचा. उजव्या." मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून, "आंघोळ केलीस?"

"नाही."

"कर."

या एका शब्दाविरुद्ध मी किमान तीन सभांमध्ये बोललेली आहे. मी मुकाट्यानं जाऊन आंघोळ करून आले. आतोबा आसनावर मान खाली घालून बसले होते, परीक्षेच्या निकालाला बसतात तसे. आत्या उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिनं मिक्सर लावला. भांड्यात काही नव्हतं. नुसता रिकामा मिक्सर घरघरत होता. त्या आवाजाच्या आडोशानं मी वाकून त्यांच्या उजव्या कानात मंत्र सांगितला. त्यांना तो पहिल्यांदा ऐकू आला नाही. दुसऱ्यांदा सांगितला. त्यांचे ओठ हलले, एकदा, पुन्हा एकदा, आणि मग चेहरा असा सैल पडला, की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

मिक्सर थांबला, आणि आतोबा माझ्या पायाशी वाकले! "आतोबा, हे चालणार नाही! माझा जाहीर निषेध आहे!" मी ओरडले. "मंत्र देतो तो गुरू," ते शांतपणे म्हणाले, "माझा काय इलाज?" गुरुदक्षिणा म्हणून त्यांनी उशीखालचा एसीचा रिमोट माझ्या हातावर ठेवला. आत्या दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत हसत होती. "सांगलीला कळवू का गं तुझ्या लोकांना?" ती म्हणाली.

ते दोघे गेले त्याला काही महिने झाले. फ्लॅट आता आमच्या दुकानातल्या एकाच्या कुटुंबानं घेतलाय. मी माझ्या अर्ध्या हॉलमध्येच आहे. आतोबा नाशिकहून फोन करतात आणि "काय म्हणताय गुरुजी?" असं इतक्या दबक्या आवाजात विचारतात, की तिथली अख्खी आळी ऐकत असणार. माझं मत बदललेलं नाही, हे इथे नमूद करते. मंत्रानं विंचू उतरत नाही. एसी चोवीसवर आहे, पण तो बिलाच्या कारणानं आहे. आणि तो मंत्र काय होता, हे मात्र कुणी विचारू नये, सांगणार नाही.

परवा सकाळी डब्यासाठी पोळ्या लाटत होते. आत्यासारख्या होत नाहीत. मनात ऑफिस, भाडं, सांगली, सगळे फोर्कलिफ्ट मोकाट. थोड्या वेळानं लक्षात आलं, की ते थांबलेत आणि माझे ओठ हलताहेत. भिंतीपलीकडे नव्या बिऱ्हाडातलं कुणीतरी जागं झालं होतं. पाण्याचा ग्लास ठेवल्याचासुद्धा आवाज स्पष्ट आला. मी हात पुसले, आत्यानं मागे ठेवलेला मिक्सर ओट्यावर पुढे ओढला, आणि रिकामाच लावला.