सक्ती उठली तेव्हाची हेमा

हेमाच्या भावाचा, नारायणदादाचा फोन आला, तेव्हा मी बोईसरच्या बाजारात होते. "हेमा गेली गं. जेवली, आडवी झाली... उठलीच नाय." एवढंच बोलून तो थांबला. आता महिना उलटून गेलाय.

हेमा किनाऱ्यावरच्या मुरबे गावची, कोळ्याची मुलगी. पालघरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी इथल्या कारखान्यात चिकटले आणि ती बंगळूरला लढाऊ विमानांचं सॉफ्टवेअर लिहायला गेली. त्या कामासाठी सरकारनं एकच प्रोग्रॅमिंग भाषा सक्तीची केली होती, अडा नावाची. फार शिस्तीची भाषा. जरा कुठे ढिलाई दिसली की प्रोग्रॅम पुढे सरकूच द्यायची नाही. सुट्टीत आली की हेमा तिच्या नावानं बोटं मोडायची. "सासू बरी," म्हणायची.

काही वर्षांनी ती सक्ती उठली. ऑफिसात पेढे वाटले, हिनंही खाल्ले. मग तपासून झालेला एक भाग नव्या, सोप्या भाषेत लिहून काढायचं ठरलं. काम वेळेत झालं, पण चाचण्या अर्ध्याच झाल्या होत्या. सगळं तपासलं आहे, अशी सही हेमानं करायची होती. तिनं केली नाही.

"मॅडम, सरकारची हरकत नाही, मग तुमची का?" साहेबांनी विचारलं.

"भाषा कुठलीही असू दे. मी तपासलेलं नाही, तर तपासलं म्हणून कसं लिहू?"

सही दुसऱ्याकडून घेतली गेली. हिची बदली ट्रेनिंग विभागात झाली. दोनेक वर्षं काढून तिनं नोकरी सोडली आणि मुरब्याला भावाकडे आली, बोईसरला कॉलेजच्या मुलांना शिकवू लागली. ते विमान पुढे व्यवस्थित उडालं. मी एकदा विषय काढला, तर म्हणाली, "बरं झालं ना. माझीच भीती जास्त असेल." तिच्या आवाजात कडवटपणा शोधला मी... नव्हता.

परदेशातली सरकारं आता पुन्हा अशा शिस्तीच्या, सुरक्षित प्रोग्रॅमिंग भाषांचा आग्रह धरू लागली आहेत, अशी बातमी मध्यंतरी वाचली. तिला पाठवली. वाटलं, सुखावेल. तिचा फोन आला. "सक्तीनं कुणी काळजी घ्यायला शिकत नाही गं. फार तर सवय लागते. तेही काही कमी नाही."

परवा मुरब्याला गेले होते. भरती आली होती, नारायणदादा बोट काढत होता. निघण्याआधी त्यानं एकेका वस्तूला हात लावला आणि किनाऱ्याकडे तोंड करून ओरडला, "डिझेल हाय. वायरलेस चालतंय. जाकिटं हायत." हेमा तिथं उभी राहून रोज विचारायची, म्हणे. दादा तसाच क्षणभर थांबला, मग त्यानं इंजिन सुरू केलं.