बँड गेला, आई राहिली

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी यवतमाळला डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. वर्गात कुणी "मॅडम, हे आपोआप बंद पडलं" म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं — आपोआप काही होत नसतं बाबा, कुठंतरी सोल्डर सुटलेला असतो, शोध. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण घडलं ते असं आहे.

माझं माहेर वणी. कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत आमचं घर. बाबा खाणीत ड्रिल मशीनवर होते. सगळी नोकरी त्या आवाजात गेली आणि रिटायर व्हायच्या आधीच कान गेले. अगदी ठार बहिरे नाहीत... समोर बसून, मोठ्यानं, सावकाश बोललं तर कळतं. कानाचं मशीन घेऊन दिलंय, पण ते शिट्टी मारतं म्हणून कपाटातच असतं.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेल्यावर आई गेली. तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि मीही यवतमाळला परत आले. दर शनिवारी मारेगावमार्गे एसटीनं वणी, रविवारी परत, असं सुरू झालं. बाबांना "माझ्याकडे चला" म्हणून किती सांगितलं. ऐकलं नाही.

एका रविवारी मी निघायच्या बेतात होते. बाबा आईच्या फोटोकडे बघत म्हणाले, "चेहरा तं आहे भिंतीवर. आवाज कुठी आहे तिचा?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"विसरून राह्यलो मी, वैशू. आधी डोये मिटले की ऐकू ये. आता नाही येत. थोडासा तरी असीन ना कुठी, तुह्या मोबाइलमंदी?"

मी सगळं शोधलं. माझा फोन, नवऱ्याचा फोन, जुना बंद पडलेला फोनसुद्धा चार्ज करून बघितला. फोटो भरपूर. आवाज कुठंच नाही. आईला रेकॉर्डिंगचा तिटकारा होता... मोबाइल समोर धरला की ती तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळायची.

सापडली ती एकच क्लिप. दिग्रसला मावशीच्या मुलाचं लग्न झालं होतं, आई जायच्या साधारण वर्षभर आधी, तिथली. कुणीतरी मोबाइलवर घेतलेली. मंडपात जेवणं सुरू आहेत, आई पाठमोरी उभी आहे, डोक्यावर पदर, हिरवी साडी. ती मावशीच्या कानाशी वाकून काहीतरी सांगते. बराच वेळ सांगते. मावशी हसते. मग मोबाइल नवरदेवाकडे वळतो आणि संपलं. पण बँड अगदी शेजारीच वाजत होता. ढोल, ट्रम्पेट, सगळं. आई बोलत असल्याचं नुसतं तिच्या मान हलवण्यावरून कळतं. आवाज म्हणून एक अक्षर नाही.

मी ती क्लिप कॉलेजच्या लॅबमध्ये नेली. सॉफ्टवेअर लावली, फिल्टर लावले, ढोल कापून बघितला. ढोलाखाली ट्रम्पेट, ट्रम्पेटखाली गोंगाट, गोंगाटाखाली काहीच नाही. मोबाइलच्या माइकपर्यंत तो आवाज पोचलाच नसावा. बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "राहू दे. माह्या कॉम्प्युटरवर टाकून दे फक्त."

आणि मग ते सुरू झालं. रोज दुपारी जेवण झालं की बाबा कॉम्प्युटर लावायचे, स्पीकर पूर्ण मोठा करायचे आणि तीच क्लिप. परत परत. शेजारच्या काकूंनी एकदा मला रस्त्यातच गाठलं. "काहो वैशालीबाई, तुमच्या घरी रोज लग्न लागून राह्यलं का? आमच्या नातवाची झोपमोड होते." बोलून त्या स्वतःच ओशाळल्या. कारण त्यांनाही माहीत होतं.

हेडफोन आणून दिला. पण तो काढायचा, स्पीकरची पिन लावायची, मागच्या बाजूला वाकून भोक शोधायचं, हे बाबांना जमेना. स्क्रीनवरचा आवाजाचा तो बारीकसा दांडा माउसनं धरणंही जमेना, बोटं थरथरतात. म्हणून ठरवलं, आपणच एक डबा बनवून द्यावा. साधं काम आहे, पहिल्या वर्षाची मुलंही करतील. हार्डवेअरच्या दुकानातून वायरिंगचा प्लास्टिक बॉक्स आणला. एका बाजूनं कॉम्प्युटरची वायर आत. आत आवाज कमीजास्त करायचा कंट्रोल आणि पुढे एक खटका. खटका डावीकडे केला की आवाज हेडफोनला, उजवीकडे केला की स्पीकरला. वर फिरवायचं मोठं काळं बटण, बोटात नीट बसेल असं. बटणावर नेलपॉलिशनं पांढरी रेघ काढली, म्हणजे कुठं आहे ते दिसेल. खटक्याच्या एका बाजूला मार्करनं लिहिलं 'कान', दुसऱ्या बाजूला 'घर'.

वणीच्या घरी जेवणाच्या टेबलावरच सोल्डरिंग केलं. बाबा शेजारी बसून बघत होते. झाल्यावर त्यांनी बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि बऱ्याच महिन्यांनी हसले. "हे चांगलं केलं पोरी तू. मशीनसारखं आहे. हातात राह्यते."

पुढचे काही शनिवार काही विशेष नाही. काकूंची तक्रार थांबली, बाबा दुपारी 'कान' करून बसायचे.

मग उन्हाळा लागला. त्या शनिवारी मी दुपारीच पोचले. कूलर सुरू होता, बाबा हेडफोन लावून स्क्रीनसमोर बसलेले. मी समोर जाऊन उभी राहिले तसा त्यांनी हेडफोन काढला. डोळे भरलेले होते आणि ते चक्क हसत होते.

"वैशू, ऐकलं मी. तुही माय काय म्हनते ते ऐकलं. म्हैस म्हनते मले!"

"काय?"

"मावशीले सांगते तुह्या. म्हने, यायले आवाज देऊ नको, यायले काही ऐकू येत नाही. जौळ जाय आन् पाठीवर हात लाव. हयूच लाव, धीरानं, म्हशीले लावतो तसा, नाही तं दचकतीन." बाबा पुन्हा हसले. "मले म्हैस! आन् आवाज तोच, बरं. सर्दी झाल्यासारखा."

आईचा आवाज खरंच तसा होता. मी खाली बसले.

"बाबा, पण त्यात काहीच ऐकू येत नाही हो. मी किती वेळा बघितलं."

"तू मोठा करून ऐकून राह्यली. मीही रोज तसंच करू. आज ढोलानं भल्लं डोकं उठवलं, म्हनून मी बटन खाली करत गेलो. खाली केलं तं बँड कमी झाला, अजून खाली केलं तं बँड गेला. आन् ती राह्यली."

मी डब्याकडे बघितलं. पांढरी रेघ अगदी खाली, शून्यावर होती.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. आवाजाचं बटण म्हणजे नळाची तोटी. कमी केलं की सगळंच पाणी कमी होतं. बँड अडवून आई सोडायची, असलं काही त्यात नसतं. आणि शून्यावर म्हणजे नळ बंद. मी मीटर लावून तपासलं, हेडफोनच्या वायरीत काहीच येत नव्हतं. हेडफोन कानाला लावून तीच क्लिप लावली. शांत. बटण वर केलं की बँड, खाली केलं की शांत. आणि माझे कान चांगले आहेत.

मला वाटलं, बाबांना भास होतोय. एकटा माणूस, दिवसभर तेच. म्हणून मी त्यांना हेडफोन लावला, बटण शून्यावर ठेवलं आणि खुणेनं डोळे मिटायला सांगितलं. क्लिप लावली. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा सैल झाला. "हं... बोलून राह्यली," म्हणाले. मी हळूच खटका 'घर'कडे केला. खटक्याचा टिक आवाज त्यांना येणं शक्य नाही. बाबांच्या कपाळाला लगेच आठ्या पडल्या.

"गेली. काय केलं तू?"

मी परत 'कान' केलं. "हं, आली."

मी पुन्हा पुन्हा तसं केलं, मध्ये थांबून, उलटसुलट. प्रत्येक वेळी त्यांनी बरोबर सांगितलं. शेवटी तेच वैतागले. "काहून सतावून राह्यली तू तिले? बोलू दे नं." मी खटका सोडून दिला.

संध्याकाळी अंगणात जाऊन मावशीला फोन लावला. दिग्रसला ती आता सुनेजवळ असते. मी तिला काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, "मावशी, गजूदादाच्या लग्नात पंगतीच्या वेळी आई तुझ्या कानात काय सांगत होती गं? तू हसली होतीस बघ."

"अवं, लग्नात किती जन काय काय सांगतात, मले काय आठोते," ती म्हणाली. मग तिलाच आठवलं. "हां... भाऊजी तिकडं मंडपाच्या कोपऱ्यात बसले होते, जेवाले बोलवाचं होतं. मी जोरानं हाका मारून राह्यलती. तं तुही माय आली आन् म्हने, हाका नको मारू, जौळ जाऊन पाठीवर हात लाव. म्हशीले..." आणि मावशी हसता हसता रडायलाच लागली. "पन तुले कोनं सांगतलं हे? मी तं कोनाले बोलली नाही. भाऊजीले म्हैस म्हटलं ते मी कायले सांगत बसन?"

मी खूप विचार केलाय यावर. ओठ वाचले म्हणावं तर आई पाठमोरी आहे. मावशीनं सांगितलं म्हणावं तर बाबा फोनवर बोलूच शकत नाहीत आणि लग्नानंतर ते दिग्रसला गेलेले नाहीत. आई घरीही हेच म्हणत असेल आणि बाबांच्या कानावर कधीतरी पडलं असेल, असंही वाटलं. ते बाबांना विचारलं तर म्हणाले, "मले थोडी सांगन ती? ती तं येऊन हातच लावे." आणि हे सगळं सोडलं तरी खटक्याचं काय? शून्यावरच्या बटणाला 'कान' काय आणि 'घर' काय, दोन्हीकडे सारखंच काही नसतं.

डब्याचं झाकण मी त्यानंतर कितीदा उघडलं असेल. सगळे सोल्डर पक्के आहेत.

आता बाबा दुपारी थोडाच वेळ बसतात. जेवण नीट जातं, संध्याकाळी चौकापर्यंत फिरून येतात. शनिवारी मी गेले की ते आपणहून खुर्चीतून उठतात आणि हेडफोन माझ्या हातात देतात. मला अजून एकदाही ऐकू आलेलं नाही.

परवाच्या शनिवारीही तसंच. बाबांनी दारातून विचारलं, "आली का?"

मी मान हलवली. नाही.

"घाई करून राह्यली तू. हयू हयू कमी कर," म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

मी क्लिप परत लावली. बटण हळूहळू खाली करत गेले. बँड लांब गेला, गल्लीच्या टोकाला गेल्यासारखा झाला, मग आणखी लांब... मग काहीच नाही. स्क्रीनवर हिरव्या साडीतली आई मान हलवत बोलत होती. मी डोळे मिटून तशीच बसून राहिले.