चिलखताखालची घोंगडी
तेल लावायला चिलखत पेटीतून काढलं, की लोखंडाच्या आधी मेंढरांच्या लोकरीचा वास येतो. कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणींनी वरवंडच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी चिलखतं केली होती. सळईवर तार गुंडाळायची, कापून तिच्या कड्या करायच्या आणि पकडीनं एकमेकींत ओवत जायच्या. पहिल्याच सरावात त्या ओझ्यानं माझे खांदे काळेनिळे झाले. आई हळद लावत होती, ते आबांनी, माझ्या वडिलांनी, पाहिलं आणि खांद्यावरची घोंगडी खाली घेतली. मेंढरं विकून शेती धरली तरी ती त्यांनी सोडली नव्हती. आमच्या धनगरांत घोंगडीवर देव मांडतात, तिला कात्री लावत नाहीत. आबा मात्र लोकर कातरायची कातर घेऊनच बसले. "आवं, घोंगडी कापत्यात व्हय?" आई ओरडली. "मग पोरीचं खांदं सोलू देऊ का?" म्हणत त्यांनी मधोमध कातर चालवली. आईनं डोळे पुसत त्या तुकड्यांची चिलखताखाली घालायची जाड बंडी शिवली. मिरवणुकीच्या सकाळी गार वारं सुटलं होतं. रस्त्याच्या कडेला आबा नुसत्या सदऱ्यावर उभे होते. घोंगडी सारखी करायला त्यांचा हात सवयीनं खांद्यावर जायचा आणि तसाच खाली यायचा. आता आबा नाहीत, चिलखतही मला होत नाही. कड्यांना मी अजून तेल लावते; बंडी मात्र कधीच धुतली नाही.