मागे पडणाऱ्याची सही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. डोंबिवलीच्या आमच्या कारखान्यात ज्या पद्धतीमुळे मला बढती मिळाली, ती माझी नव्हतीच. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एका कंत्राटी माणसाची होती. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

फोर्कलिफ्ट एकच आणि ती हवी असणारे आम्ही तीन खात्यांचे साहेब. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर 'अर्जंट' लिहिलेलं. तो चिठ्ठी प्रसादासारखी कपाळाला लावायचा, इंजिन बंद करायचा आणि कानामागची पेन्सिल पुढे करून म्हणायचा, "करतो ना साहेब. फक्त ज्याचं काम मागे पडणार, त्याची सही आणा."

त्या सहीसाठी मला स्टोअरच्या साहेबांकडे जावं लागलं. आम्ही दोन वर्षं बोलत नव्हतो. तिथे कळलं, की मी रोज सकाळी जी पिंपं बाहेर काढायला लावायचो, तीच ते दुपारी परत आत ठेवून घ्यायचे.

"दोघांचंही अर्जंटच होतं की," मी परत येऊन हे सांगितल्यावर फोर्कलिफ्टवाला शांतपणे म्हणाला.

पुढच्या मीटिंगमध्ये मी ही पद्धत रंगीत तक्त्यासकट माझी म्हणून मांडली. टाळ्या पडल्या, फॉर्म छापले गेले. पहिला फॉर्म मीच त्याच्या हातात दिला. त्याने तो नीट वाचून कपाळाला लावला.

"चांगली पद्धत आहे, साहेब. कोणी काढली?"

"वरून आलीय," मी म्हणालो.

मान डोलावून त्याने इंजिन सुरू केलं.

आता तो टिटवाळ्याकडे कुठल्याशा गोदामात असतो म्हणे. त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला अजून द्यायचं आहे.